विश्लेषण : ‘लोकलहोस्ट’चे दार साऱ्या जगाला उघडे कसे राहते?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस ‘डीपसीक’ या चिनी एआय कंपनीचे नाव जगभर गाजत होते. तिच्या धसक्याने अमेरिकी शेअर बाजारात तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग घसरले होते. त्याच आठवड्यात ‘विझ’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना डीपसीकचा एक डेटाबेस इंटरनेटवर सताड उघडा सापडला. त्यासाठी त्यांना कुलूप फोडावे लागले नाही की पासवर्ड चोरावा लागला नाही. कंपनीच्या काही पत्त्यांवर ८१२३ आणि ९००० हे दोन पोर्ट उघडे होते आणि तेथे कोणतीही ओळख विचारली जात नव्हती. आत १० लाखांहून अधिक नोंदी होत्या. त्यांत लोकांनी चॅटबॉटशी केलेले संवाद होते, तसेच अंतर्गत यंत्रणांच्या गुप्त ‘की’देखील होत्या. संशोधकांनी कळवल्यावर कंपनीने दार लावले.

बातमी डीपसीकची असली, तरी चूक जुनी आहे आणि कोणाच्याही हातून होऊ शकते. आज मोबाइलवरील असंख्य ॲपमागची यंत्रणा ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त खोक्यांत चालते. त्या खोक्यात डोकावण्यासाठी प्रोग्रामर रोज ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतात. एका ओळीची ही आज्ञा आहे. पण तिच्यात एक पत्ता लिहायचा राहिला, तर स्वतःपुरते उघडलेले दार साऱ्या जगासाठी उघडते. तोटा मात्र दार उघडणाऱ्यापेक्षा आत ज्यांची माहिती आहे त्यांचा होतो.

पोर्ट म्हणजे नेमके काय?

इंटरनेटवरील संगणकाला आयपी पत्ता असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. संकेतस्थळ, ईमेल, डेटाबेस, दुरून लॉगिन करण्याची सोय असे सारे तेथे असते. आलेला निरोप यांपैकी कोणाकडे द्यायचा, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. सोसायटीचा पत्ता एकच, पण पत्रावर फ्लॅट क्रमांक लिहावा लागतो, तसेच हे. असे क्रमांक ० ते ६५,५३५ इतके असतात. काही क्रमांक संकेताने ठरलेले आहेत. सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, दुरून लॉगिनसाठी २२, मायएसक्यूएल डेटाबेससाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२. एखादे वृत्त-संकेतस्थळ ब्राउझरमध्ये वाचतानाही आपला फोन समोरच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या दारातच उभा असतो. ब्राउझर तो आकडा दाखवत नाही, इतकेच.

आणखी दोन पत्ते लक्षात ठेवावे लागतील, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यातच आहे. पहिला १२७.०.०.१. यालाच ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. हा प्रत्येक संगणकाचा स्वतःचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता. यावर पाठवलेला निरोप संगणकाबाहेर जातच नाही. दुसरा ०.०.०.०. एखादा प्रोग्राम या पत्त्यावर ऐकत बसला, तर त्याचा अर्थ असा, की या संगणकाला जितके पत्ते आहेत, त्या सगळ्यांवर येणाऱ्याला तो दार उघडेल. घरातला वायफायचा पत्ता असो, कार्यालयाच्या नेटवर्कचा असो वा थेट इंटरनेटचा.

कंटेनर कशासाठी आले?

‘माझ्या संगणकावर तर चालत होते’ हे सॉफ्टवेअर उद्योगातील सर्वांत जुने रडगाणे. पुण्यातल्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला की कोलमडायचा, कारण तेथे एखादी पूरक फाइल नसायची किंवा जुन्या आवृत्तीची असायची. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील ‘पायकॉन’ परिषदेत ‘डॉकर’ पहिल्यांदा जाहीरपणे दाखवले, ते या दुखण्यावरचे औषध म्हणून. डॉकर म्हणजे गोदी कामगार. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एकाच खोक्यात भरायचे. मग ते खोके लॅपटॉपवर उघडा, कार्यालयातल्या सर्व्हरवर वा क्लाउडवर, ते सारखेच चालेल. न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर आत काय आहे हे न पाहता ट्रेलरवर चढतो, तीच ही कल्पना. अशी शेकडो-हजारो खोकी सांभाळण्यासाठी २०१४ मध्ये गुगलने ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली खुली केली. आज मोठ्या कंपन्यांचे बरेचसे काम या दोहोंवर चालते.

हे खोके बंदिस्त असते, हाच त्याचा गुण. त्याचे नेटवर्क वेगळे, त्याचा अंतर्गत पत्ता वेगळा आणि विशेष म्हणजे त्याचा ‘लोकलहोस्ट’ही वेगळा असतो. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हटले, की तो कंटेनर स्वतः. तुमचा लॅपटॉप नव्हे. त्यामुळे आत संकेतस्थळ उत्तम चालू असते आणि बाहेर ब्राउझरमध्ये मात्र ‘या साइटपर्यंत पोहोचता येत नाही’ एवढेच दिसते. नवख्या प्रोग्रामरचा पहिला अर्धा दिवस येथेच जातो.

मग आत पोहोचायचे कसे?

यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग. लॅपटॉपच्या एका पोर्टवर येणारा निरोप कंटेनरमधल्या एका पोर्टकडे पुढे धाडायचा. डॉकरला कंटेनर सुरू करताना ‘८०८०:८०’ असे सांगितले, की लॅपटॉपच्या ८०८० क्रमांकावर जे येईल ते कंटेनरच्या ८० क्रमांकावर जाते. डावीकडचा आकडा बाहेरचा, उजवीकडचा आतला. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ८०८० लिहिले, की कंटेनरमधले पान समोर हजर. यात गैर काही नाही. ही सोय नसती तर कंटेनर इतके लोकप्रिय झालेच नसते.

चूक नेमकी कुठे होते?

‘८०८०:८०’ या सूचनेत काय लिहिलेले नाही, ते पाहा. लॅपटॉपच्या कोणत्या पत्त्यावर दार उघडायचे, ते त्यात नाही. डॉकर त्या मौनाचा अर्थ ०.०.०.० असा लावतो, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर. प्रोग्रामर स्वतः लोकलहोस्ट लिहून पान उघडतो, ते उघडते आणि आपण दार फक्त आपल्यापुरते उघडले, असे त्याला वाटते. कॅफेच्या वायफायवर बसलेल्या शेजारच्या माणसालाही त्याच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि ८०८० टाकून तेच पान दिसू शकते, हे त्याच्या गावीही नसते. दार आपल्यापुरतेच हवे असेल, तर लिहायचे ‘१२७.०.०.१:८०८०:८०’. फरक एका पत्त्याचा आहे. डॉकरच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही स्पष्ट इशारा आहे, की कंटेनरचे पोर्ट असे बाहेर उघडणे मुळातच असुरक्षित आहे आणि पत्ता न लिहिल्यास ते बाहेरच्या जगालाही मिळते. पण माहितीपुस्तिका वाचतो कोण? शिकवणीच्या व्हिडीओत लहान सूचना असते, ती उचलली जाते.

येथे आणखी एक गुंता आहे, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. कंटेनरच्या आतला प्रोग्राम आतल्या १२७.०.०.१ वर ऐकत बसला, तर फॉरवर्डिंग करूनही तो बाहेरून दिसत नाही, कारण तो फक्त कंटेनरच्या पोटातल्यांशीच बोलतो. त्यावर उपाय म्हणून आतल्या प्रोग्रामला ०.०.०.० वर ऐकायला सांगावे लागते. हा उपाय अगदी बरोबर आहे, पण तो आतल्या बाजूचा आहे. प्रोग्रामरच्या मनात मात्र एवढेच ठसते, की ‘०.०.०.० लिहिले की चालते’. मग तोच मंत्र बाहेरच्या बाजूला, सर्व्हरवर आणि डेटाबेसच्या सेटिंगमध्येही म्हटला जातो. आतल्या खोलीचे दार उघडे ठेवणे आणि इमारतीचे मुख्य फाटक उघडे ठेवणे, या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जात असेल, तर गफलत होणारच.

अनेकदा तर हे दार उघडण्याची गरजही नसते. एका ॲपचे दोन कंटेनर असतात, एक संकेतस्थळाचा आणि एक डेटाबेसचा. डॉकरच्या एकाच अंतर्गत नेटवर्कवर असलेले असे दोन कंटेनर एकमेकांना थेट नावाने हाक मारू शकतात. डेटाबेसचे पोर्ट बाहेर काढावे लागतच नाही. तरीही प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘५४३२:५४३२’ ही ओळ हटकून सापडते. कोणीतरी कधीतरी डेटाबेस तपासण्यासाठी ती लिहिलेली असते. पुढे तीच फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर जाते आणि तेथे शेजारी कॅफेतला माणूस नसतो, सारे जग असते.

फायरवॉल असते ना?

असते, पण इथे ती चकते. उबुंटू या लोकप्रिय प्रणालीवर ‘यूएफडब्ल्यू’ नावाची सोपी फायरवॉल आहे. व्यवस्थापक तिला सांगतो, की २२ आणि ४४३ सोडून बाकी सारी दारे बंद. ती हो म्हणते आणि तपासणीत सगळे बंद असल्याचे दाखवतेही. पण डॉकर पोर्ट उघडताना लिनक्सच्या नेटवर्क नियमांत स्वतःचे नियम थेट घालतो आणि कंटेनरकडे जाणारा निरोप यूएफडब्ल्यूच्या चौकीपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्या वाटेने वळवला जातो. फाटकावर वॉचमन बसवावा आणि बिल्डरने मागच्या भिंतीला नवे दार पाडावे, असा प्रकार. डॉकरने ही विसंगती लपवलेली नाही, ती माहितीपुस्तिकेत नोंदवलेली आहे. तरी ज्याला फायरवॉल सगळे बंद असल्याचे सांगते आहे, तो दुसरीकडे पाहील कशाला? क्लाउड कंपनीची सर्व्हरबाहेरची फायरवॉल असेल, तर ती मात्र अशा वेळी कामी येते.

डॉकरच्या बाजूने काही दुरुस्त्याही झाल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपूर्वी परिस्थिती अशी होती, की दार नीट १२७.०.०.१ वर उघडले, तरी त्याच स्थानिक नेटवर्कवरचा जाणकार माणूस विशिष्ट परिस्थितीत तेथवर पोहोचू शकत होता. ती फट या आवृत्तीत बुजवली गेली. पत्ता न लिहिल्यास सगळीकडे दार उघडण्याची मूळ पद्धत मात्र कायम आहे. ती बदलली, तर जगभरातील असंख्य चालू यंत्रणा एका रात्रीत बंद पडतील, ही अडचण खरी आहे.

उघडे दार कोणाला सापडते?

‘माझ्या छोट्याशा सर्व्हरकडे कोण कशाला येईल?’ हा युक्तिवाद एक तप जुना झाला. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते जगात सुमारे ४३० कोटी आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे साधन तयार केले. चांगल्या जोडणीवरचा एक साधा संगणक त्याच्या साह्याने जगातील या साऱ्या पत्त्यांवर एखादे पोर्ट उघडे आहे का, हे ४५ मिनिटांत तपासू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी २००९ पासून ‘शोडान’ हे शोधयंत्र इंटरनेटवर उघड्या असलेल्या उपकरणांची यादी ठेवत आहे. गुगलवर शब्द शोधावा, तसे शोडानवर पोर्ट शोधता येते. म्हणजे कोणी तुमच्याकडे मुद्दाम येत नाही. सगळ्यांच्या दारांवर रोज टकटक होते, तुमचेही त्यात आले.

याचे परिणाम यापूर्वीही दिसले आहेत. २०१७ च्या सुरुवातीला ‘मोंगोडीबी’चे हजारो डेटाबेस अशाच शोधातून सापडले. भामट्यांनी आतला डेटा पुसला आणि परत हवा असेल तर बिटकॉइन द्या, अशी चिठ्ठी ठेवली. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘रेडलॉक’ या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले, की ‘टेस्ला’च्या कुबरनेटीसचे नियंत्रण पान पासवर्डविना उघडे होते. त्यातून चोरांना ॲमेझॉनच्या क्लाउड खात्याच्या की मिळाल्या आणि त्यांनी टेस्लाच्या पैशावर आभासी चलन काढण्याचा उद्योग सुरू केला. २०१९ मध्ये ‘ग्रॅबॉइड’ नावाचा किडा दोन हजारांहून अधिक उघड्या डॉकर यंत्रणांत शिरला होता. त्याला वाट मिळाली ती डॉकरला आज्ञा देण्यासाठीच्या पोर्टवरून. हे पोर्ट पासवर्डविना उघडे राहिले, तर येणाऱ्याला एक कंटेनर नव्हे, अख्खा सर्व्हर मिळतो.

एआयमुळे प्रश्न वाढला का?

वाढला, आणि त्याचे ठळक उदाहरण ‘ओलामा’ आहे. एआयचे मोठे भाषिक मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवण्याचे हे लोकप्रिय साधन. आपला मजकूर परक्या कंपनीकडे जाऊ नये, म्हणून अनेक जण ते वापरतात. थेट संगणकावर बसवले, तर ओलामा फक्त १२७.०.०.१ वर, ११४३४ या पोर्टवर ऐकते. हे योग्यच आहे. पण तेच डॉकरमधून चालवायचे, तर आत ०.०.०.० लागते आणि बाहेर सांगितली जाणारी प्रचलित आज्ञा आहे ‘११४३४:११४३४’. वर सांगितलेली दोन्ही दारे येथे एकदम उघडतात. त्यात या साधनाला स्वतःचा पासवर्ड मागण्याची सोय मुळात नाही.

जून २०२४ मध्ये विझच्या संशोधकांनी ओलामातील एक गंभीर त्रुटी उघड केली. तिच्या आधारे बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्राम चालवता येत होता. डॉकरमधल्या ओलामाला धोका सर्वाधिक होता, कारण तेथे ते सर्वोच्च अधिकारांनिशी आणि सगळ्या पत्त्यांवर चालत होते. त्रुटी दुरुस्त झाली, दारे मात्र राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सिस्को’च्या ‘टॅलोस’ या सुरक्षा पथकाने शोडानवर शोध घेतला, तेव्हा ओलामाचे १,१०० हून अधिक सर्व्हर उघड्यावर सापडले आणि त्यांतील सुमारे २० टक्के सर्व्हरवर मॉडेल चालू स्थितीत होती. खासगीपणासाठी म्हणून जे साधन घेतले, तेच चव्हाट्यावर मांडले गेले, असा हा उफराटा प्रकार.

घरच्या संगणकावर ओलामा चालवणारे बरेचसे भारतीय तूर्त वाचतात, ते एका योगायोगाने. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून घरच्या लॅपटॉपचे दार थेट ठोठावता येत नाही. पण हा पत्त्यांच्या टंचाईतून निर्माण झालेला आडोसा आहे, सुरक्षा नव्हे. हीच टंचाई अडचण वाटणारे लोक मग ‘एनग्रॉक’ वा ‘क्लाउडफ्लेअर टनेल’सारख्या सेवांतून आतून बाहेर बोगदा काढतात आणि त्या बोगद्याच्या तोंडाशी पासवर्ड ठेवायचा विसरतात.

दूरच्या सर्व्हरवरचा कंटेनर पाहायचा असेल तर?

कंटेनर मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर आहे, तुम्ही नाशिकला घरी लॅपटॉप घेऊन बसला आहात आणि आतले पान पाहायचे आहे. घाईतला मार्ग म्हणजे सर्व्हरवर पोर्ट सगळ्यांना उघडणे. बरोबर मार्ग तीस वर्षे जुना आहे. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीचा हल्ला झाल्यानंतर, ‘एसएसएच’ ही सांकेतिक जोडणी तयार केली. २२ क्रमांकाचे पोर्ट तिचेच. तिला ‘-एल’ हा पर्याय देऊन सांगता येते, की माझ्या लॅपटॉपच्या ८०८० वर येणारे सारे या सुरक्षित नळीतून सर्व्हरवर ने आणि तेथील लोकलहोस्टच्या ८०८० ला दे. सर्व्हरवर कंटेनरचे दार १२७.०.०.१ वरच राहते. बाहेरच्यांना ते दिसतही नाही. किल्ली असलेल्या माणसालाच नळी जोडता येते आणि जोडणी संपली की वाटही संपते.

कुबरनेटीसमध्ये ‘पोर्ट-फॉरवर्ड’ ही आज्ञाच आहे आणि ती पत्ता न सांगितल्यास लोकलहोस्टवरच दार उघडते. गिटहबच्या ‘कोडस्पेसेस’मध्येही फॉरवर्ड केलेले पोर्ट मुळात खासगी असते, जगाला दाखवायचे तर तसे मुद्दाम निवडावे लागते. म्हणजे सुरक्षित मूळ सेटिंग ठेवून सोय देता येते, हे सिद्ध झालेले आहे. मोंगोडीबीनेही २०१७ च्या फटक्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस ३.६ या आवृत्तीपासून डेटाबेस मुळात लोकलहोस्टवरच ऐकेल, अशी व्यवस्था केली. प्रोग्रामरना सावधगिरीची व्याख्याने देऊन जे साधले नसते, ते एका मूळ सेटिंगने साधते.

म्हणजे लोकलहोस्ट पूर्ण सुरक्षित?

तसेही नाही आणि हा भाग फोन वापरणाऱ्या प्रत्येकाशी संबंधित आहे. जून २०२५ मध्ये स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममधील संशोधकांनी उघड केले, की अँड्रॉइड फोनवरची फेसबुक व इन्स्टाग्राम ही ॲप तसेच रशियाच्या ‘यांडेक्स’ची काही ॲप फोनमधल्याच लोकलहोस्टच्या ठरावीक पोर्टवर गुपचूप ऐकत बसत. तुम्ही ब्राउझरमध्ये दुसरेच कोणते संकेतस्थळ उघडले आणि त्यात ‘मेटा’चा वा यांडेक्सचा मागोवा घेणारा कोड असला, तर तो कोड फोनच्या आतल्या आत त्या ॲपला निरोप देई. तुम्ही खासगी टॅब वापरला, कुकीज पुसल्या, तरी कोण काय पाहते आहे, ते ॲपला कळे. यांडेक्सचा हा उद्योग २०१७ पासून, तर मेटाचा सप्टेंबर २०२४ पासून चालू होता. बातमी फुटली त्या दिवशी मेटाने तो थांबवला.

त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ऑलिगो’ या सुरक्षा कंपनीने दाखवले होते, की मॅक आणि लिनक्स संगणकांवर एखादे फसवे संकेतस्थळ ब्राउझरकरवी ०.०.०.० या पत्त्यावर निरोप पाठवून, केवळ त्या संगणकापुरत्या चालणाऱ्या सेवांपर्यंत पोहोचू शकते. दार बाहेरून बंद, पण पाहुणा ब्राउझरच्या रूपाने आधीच घरात, अशी ही गत. ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द ‘डॉकर डेस्कटॉप’मध्ये त्रुटी सापडली. साधा कंटेनरही आतल्या नेटवर्कवरून डॉकरला थेट आज्ञा देऊ शकत होता, तोही कोणत्याही ओळखीविना. ४.४४.३ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली आहे. ज्यांनी अद्याप अपडेट घेतलेले नाही, त्यांनी तो घ्यावा.

या घडामोडींनंतर ब्राउझर कंपन्याही हलल्या आहेत. २०२५ च्या अखेरीपासून क्रोम ब्राउझर, एखादे संकेतस्थळ तुमच्या स्थानिक नेटवर्ककडे वा लोकलहोस्टकडे निरोप पाठवू पाहत असेल, तर तुमची परवानगी विचारू लागला आहे. असा प्रश्न समोर आला आणि तुम्ही घरचा प्रिंटर किंवा राउटर हाताळत नसाल, तर नकार द्यायला हरकत नाही.

कायदा काय सांगतो?

‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटाचोरी वा डेटागळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. ती संपल्यावर गळती झाली, तर ज्यांची माहिती गेली, त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवावे लागेल आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. ‘आमच्या प्रोग्रामरने चाचणीसाठी पोर्ट उघडले होते’ हे उत्तर वाजवी उपायांत बसेल, असे वाटत नाही.

अडचण लहान संस्थांची आहे. एखादी सहकारी पतसंस्था, शिकवणी वर्ग वा रुग्णालय आपले ॲप बाहेरच्या दोन-तीन जणांच्या कंपनीकडून करून घेते. सर्व्हर कुठे आहे, त्यावर काय उघडे आहे, हे विचारायचे असते, हेच संस्थेला ठाऊक नसते. कायद्यासमोर मात्र जबाबदारी प्रामुख्याने त्या संस्थेची राहते, काम करून देणाऱ्याची नव्हे.

स्वतः तपासता येते का?

येते आणि त्यासाठी फोन पुरतो. सर्व्हर स्वतःचा वा आपल्या संस्थेचा असावा, एवढी अट. दुसऱ्याच्या सर्व्हरची दारे ठोठावणे कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. तुमच्या प्रोग्रामरकडून सर्व्हरचा आयपी पत्ता आणि कंटेनरना दिलेल्या पोर्टची यादी मागून घ्या. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करा, म्हणजे तुम्ही कार्यालयाच्या नेटवर्कबाहेरचे झालात. ब्राउझरमध्ये सुरुवातीला ‘एचटीटीपी’ लिहून तो पत्ता, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पुढे पोर्ट क्रमांक टाका. नियंत्रण पान किंवा डेटाबेसचा काही मजकूर दिसला, तर तो मध्यरात्री कोणत्याही देशातून कोणालाही दिसतो आहे. काहीच उघडले नाही, तरी डेटाबेसच्या पोर्टबाबत निर्धास्त होऊ नका. बरेच डेटाबेस ब्राउझरशी बोलत नाहीत, त्यामुळे उघडे असूनही पान कोरे राहू शकते. त्या पोर्टसाठी प्रोग्रामरला सर्व्हरवर डॉकरच्या चालू कंटेनरची यादी काढायला सांगा आणि ‘पोर्ट्स’ या रकान्यात पाहा. बाणाच्या डावीकडे १२७.०.०.१ असेल, तर दार आतल्यांपुरते आहे. ०.०.०.० असेल, तर ते पोर्ट बाहेर कशासाठी हवे आहे, हे त्याच्याकडून लेखी मागा.